धर्माची गाय म्हणून दात पाहायचे नाहीत काय?



ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर अशा वाटांनी जे स्वतःचे उत्पन्न होते, त्यातले शेकडा ५ रुपये गावातील दिव्यांग माणसांसाठी खर्च करावे लागतात. पूर्वी हा वाटा शेकडा ३ होता. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनाही आपापल्या उत्पन्नातून असाच वाटा बाजूला काढावा लागतो. लहान गावात ही रक्कम फारशी नसते. पण दोन-तीन वर्षांची शिल्लक साठली, तिला जिल्हा परिषदेची किंवा केंद्राच्या ‘एडिप’ योजनेची जोड मिळाली, की गावात दोन-चार वाहने येतात. आणि वाहने आली की वादही येतो.

वाद असा की, वाहन कोणते घ्यायचे हे कोणी ठरवावे? पैसे देणाऱ्याने, की त्यावर बसणाऱ्याने?

श्रीगोंदा तालुक्यातील एका गावच्या ग्रामसभेला मी पीकविम्याची माहिती द्यायला गेलो होतो. तेथे हाच विषय निघाला. सर्वांना एकाच छापाच्या बॅटरीच्या तीनचाकी द्याव्यात, असा ठराव पुढे आला. मागच्या बाजूने एक गृहस्थ कुबड्या सावरीत उठले व म्हणाले, “मला ती नगं. तेवढ्याच पैशात बाजूला चाकं लावलेली स्कूटर द्या. वरचं काय लागंल ते मी घालतो.” यावर एक वडीलधारे हसून म्हणाले, “अण्णा, धर्माची गाय, अन् दात का गं नाय?” सारी सभा हसली. ते गृहस्थ खाली बसले आणि ठराव मंजूर झाला.

म्हण जुनी आहे आणि खोटीही नाही. फुकट आलेल्या वस्तूला खोड काढू नये, हा साधा शिष्टाचार आहे. परंतु येथे ती लागू पडते काय, याचा विचार व्हायला हवा. एक तर ही गाय धर्माची नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांगितलेला तो हक्क आहे, आणि त्या घरपट्टीत त्या गृहस्थांच्या घराचीही पट्टी आहे. दुसरे म्हणजे काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. बैलाला कामाला जुंपायचे असते म्हणून पाहतो. मग ज्या वाहनावर एका माणसाचे आयुष्य जुंपायचे आहे, ते मात्र न पाहता घ्यावे, हे कसे?

आता जरा प्रत्यक्ष वाहनाकडे वळू. शहरातल्या साहेबांना डांबरी रस्ता दिसतो. आपल्याला पाणंद दिसते. आपल्या तालुक्यात भीमा आणि घोड यांच्या अंगाला काळी जमीन, कुकडीच्या पाण्यावर ऊस. वरच्या अंगाला कोळगाव, मांडवगणकडे मुरमाड माळ. माळावर जे चाक चालते ते काळीत चालत नाही, हे बैलगाडीच्या काळापासून आपणास ठाऊक आहे.

हाताने फिरवायची तीनचाकी सायकल घ्या. खांदे मजबूत आणि पाय अधू अशा माणसासाठी ती उत्तम. ती बनली तो काळ पोलिओचा होता. कानपूरचा ‘अलिम्को’ हा सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला आणि ‘एडिप’ योजना १९८१ साली आली. तेव्हा गावोगाव अपंग म्हटला की तो पोलिओचा, असेच चित्र होते. आता ते पालटले आहे. २०११च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रोगी सापडला नाही आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज नव्याने अपंगत्व येते ते मळणी यंत्रात हात गेल्याने, कडबाकुट्टीत बोटे गेल्याने, विजेच्या धक्क्याने, उसाच्या ट्रॉलीखाली सापडल्याने, आणि अलीकडे मधुमेहाने पाय कापावा लागल्याने. (मळणी यंत्राला हात आत पोचणार नाही इतके लांब, वरून झाकलेले तोंड बसवून घ्या, हे मी दर हंगामात सांगतो आणि दर हंगामात सांगावे लागते.) एका हाताच्या माणसाला हातसायकल काय कामाची? साठीच्या मधुमेही आजोबांच्या खांद्यात तेवढे बळ कोठून येणार? आणि काळीत पाऊस पडला की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा असा लोंदा बसतो की धडधाकट माणसालाही ती ओढवत नाही.

बॅटरीची तीनचाकी गावात, दुकानापर्यंत, शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत छान चालते. पेट्रोलचा खर्च नाही, वेग बेताचा, पडण्याची भीती कमी. पण पाणंदीत ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या असतात आणि मधे उंचवटा. तीनचाकीची मागची चाके चाकोरीत उतरतात आणि पुढचे एकटे चाक उंचवट्यावर चढते. हँडल हातात राहत नाही. शिवाय बॅटरी रोज भरावी लागते. पावसाळ्यात दोन महिने गाडी पडवीत उभी राहिली आणि बॅटरी रिकामीच ठेवली, तर ती मरते. नवी बॅटरी आणायला पैसे लागतात, आणि त्या पैशाची तरतूद कोणत्याच ठरावात नसते. एका वस्तीवर मी अशी गाडी पाहिली. त्या माऊली म्हणाल्या, “साहेब, आली तवा हार घातला, फोटू काढला. आता तिच्यात कोंबड्या बसत्यात.”

बाजूला दोन चाके लावलेली स्कूटर लांबच्या अंतराला चांगली. दौंडला, नगरला जाता येते, दुधाची किटली ठेवता येते, पाठीमागे बायको बसते. परंतु तिलाही एक खोड आहे. बाजूची चाके ताठ बसवलेली असतील आणि ती दोन्ही उंच जागेवर आली, तर मधले चाक अधांतरी फिरत राहते. गाडीला ओढ मिळत नाही. म्हणून चाके स्प्रिंगवर बसवणारा कारागीर पाहावा लागतो. हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. जो बसतो त्याला कळते.

आपले राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळ दुकान मांडता येईल असे ई-वाहन देते. बाजारच्या गावी फळे, चहा, किराणा विकून पोट भरू इच्छिणाऱ्याला ते खरोखर आधाराचे आहे. पण ज्याला आपल्या दोन एकर लिंबाच्या बागेत जाऊन पाणी पाहायचे आहे, त्याने ते फिरते दुकान बांधावरून कसे न्यावे? आणि मेंदूच्या पक्षाघाताने जन्मापासून अधू असलेले लेकरू असेल, तर वाहन त्याने चालवायचेच नाही. ते त्याच्या आईने चालवायचे, आणि लेकराला मागे टेकून, पट्टा बांधून बसता आले पाहिजे. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५च्या कायद्यात ७ होते. प्रकार तिप्पट झाले. वाहन मात्र एकच!

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर सरपंचांवर अन्याय होईल.

सरपंच म्हणतात, पैसा सार्वजनिक आहे, हिशेब आम्हाला द्यायचा आहे. एकाच छापाच्या दहा गाड्या घेतल्या तर भाव कमी पडतो, एकच निविदा निघते, लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. प्रत्येकाला वेगळी दिली तर “त्याला भारी, मला हलकी” अशी कुरबुर सुरू होते. आणि ज्याला महागडी गाडी मिळते तो ती सहा महिन्यांत विकून टाकतो, अशीही उदाहरणे घडतात. हे सारे खरे आहे. शिवाय माझ्या मते एक मुद्दा ते बोलून दाखवत नाहीत, पण तो सर्वांत वजनदार आहे. रक्कम ठरलेली आहे. एकाला स्कूटर दिली तर दोघांची कुबडी, कानयंत्र किंवा खुर्ची राहू शकते. निवड वाढवायची तर मर्यादा घालावीच लागते. म्हणजे भांडण मर्यादा असावी की नसावी याचे नाही. मर्यादा कशावर घालायची, रकमेवर की छापावर, हे ठरवायचे आहे.

हा वाद आपल्याच चावडीवरचा आहे असे समजू नका. विलायतेत तो पाऊणशे वर्षे चालू आहे, आणि तेथे जे घडले ते आपल्या उपयोगाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८पासून, इंग्लंडचे सरकार पाय गमावलेल्या लोकांना एक तीनचाकी बंद गाडी देऊ लागले. तिला ‘इनव्हाकार’ म्हणत. रंग सर्वांचा एकच, फिका निळा. बसायची जागाही एकच. वाहन फुकट, दुरुस्ती सरकारी. तक्रार करायला जागा नाही असे वरवर पाहता वाटावे. पण आईला तिच्यात मूल नेता येत नसे, नवऱ्याला बायको नेता येत नसे. जोराच्या वाऱ्यात ती डगमगे, पेट घेण्याच्या तक्रारी होत. आणि निळी गाडी दिसली की आत कोण बसले आहे हे साऱ्या रस्त्याला कळे. लोकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. १९७४ साली लेडी शार्प यांचा अहवाल आला. पुढे गाडीऐवजी प्रवासभत्ता देण्याची पद्धत १९७६पासून सुरू झाली, आणि १९७७ साली ‘मोटॅबिलिटी’ नावाची धर्मादाय संस्था निघाली. तिची रीत अशी की, माणसाने आपला भत्ता संस्थेकडे वळवायचा आणि त्या बदल्यात संस्थेच्या यादीतील आपल्याला योग्य अशी साधी मोटार साधारण ३ वर्षांसाठी भाड्याने घ्यायची. विमा आणि दुरुस्ती त्यातच. मोठी गाडी हवी तर वरची रक्कम आपल्या खिशातून आगाऊ भरायची. निळ्या तीनचाकी २००३ साली रस्त्यावरून कायमच्या हटवल्या गेल्या. आज तेथे आठ लाखांहून अधिक लोक या योजनेतली मोटार वापरतात.

म्हणजे एकाच छापाकडून ते निवडीकडे गेले. पण गंमत पाहा, आता तेथे उलटी हवा वाहू लागली. अपंगांच्या योजनेत बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज कशाला, असा ओरडा वर्तमानपत्रांतून झाला. अपंगांच्या बाजूने उत्तर मिळाले की, भारी गाडीचा वरचा पैसा आम्ही स्वतः भरतो, आणि चाकाची खुर्ची उचलून आत घ्यायला काहींना मोठीच गाडी लागते. शेवटी २०२५च्या नोव्हेंबरात संस्थेने अशा ऐषआरामी छापांच्या गाड्या यादीतून काढल्या.

मला विचाराल तर भारी नाव काढले म्हणून फारसे बिघडत नाही. आपल्याला तर ती चैन स्वप्नातही नाही. बिघडते ते नावाबरोबर उपयोगही काढला तर. गाडीचा दरवाजा किती रुंद आहे, खुर्ची आत जाते की नाही, सोबतीला जागा आहे की नाही, या गोष्टी चैनीच्या नव्हेत.

आपल्याकडेही मोटारीच्या बाबतीत अशीच मर्यादा होती. हाडे-सांध्यांचे शेकडा ४० किंवा अधिक अपंगत्व असलेल्याला केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या दाखल्यावर मोटारीवरील जीएसटी शेकडा १८ एवढाच लागे. पण गाडी ४ मीटरपेक्षा आखूड हवी आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंतच. दृष्टिहीन मुलाच्या बापाला ही सवलत नव्हती. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवर सर्वांनाच शेकडा १८ कर झाला. तेव्हा त्या सवलतीत दिव्यांगासाठी वेगळे असे काही उरले नाही. असो, मोटारीचा विषय आपल्यापैकी थोड्यांचा.

आपल्या कामाचा दाखला आपल्याच शेतीखात्यात आहे. एके काळी फवारणी पंप, नांगर, पेटी हे सारे पंचायत समितीच्या गोदामातून वाटले जाई. एकच छाप, एकच माप. ज्याला पाठीवरचा हवा त्याला पायाचा मिळे, आणि निम्मे पंप माळ्यावर धूळ खात पडत. ५ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयाने राज्याने ही रीत बदलली. वस्तू वाटण्याऐवजी अनुदानाची रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागली. आज तुम्ही ठिबक घेता तेव्हा सरकार कोणत्याही एका कंपनीचे नाव सांगत नाही. मानकाप्रमाणे असावे, नोंदणीकृत उत्पादकाचे असावे, आणि अनुदान ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळेल, एवढेच सांगते. नळी काळीला कोणती आणि मुरमाडाला कोणती, तोट्या किती अंतरावर, हे तुम्ही ठरवता. वरचे पैसे लागले तर तुम्ही घालता. यात सरकारची तिजोरीही सुरक्षित राहते आणि शेतकऱ्याचे शहाणपणही वाया जात नाही. शेतकऱ्यावर जो विश्वास टाकला, तोच दिव्यांग शेतकऱ्यावर टाकायला काय हरकत आहे?

एक अडचण मात्र आहे, आणि ती मोठी आहे. या पद्धतीत ‘आधी खरेदी, मग अनुदान’ असते. बागायतदार सावकाराकडून, सोसायटीकडून, दुकानदाराच्या उधारीवर निभावून नेतो. ज्याच्या घरात रोजंदारीशिवाय काही येत नाही आणि जो स्वतः कामाला जाऊ शकत नाही, त्याने स्कूटरचे पैसे आधी कोठून उभे करावेत? त्याच्यासाठी ही निवड कागदावरच राहते. अशा वेळी माणसाने स्वतः पसंत केलेल्या वाहनाचे दरपत्रक पंचायतीने घ्यावे आणि रक्कम त्याच्या नावे थेट विक्रेत्याला द्यावी, हा मार्ग मला योग्य वाटतो. वाहन काही वर्षे विकणार नाही, असे लिहून घ्यावे. मोटारीच्या सवलतीत ५ वर्षांचे असे हमीपत्र घेतच असत. त्याने विक्रीची भीतीही कमी होते.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी आता थोडे व्यवहाराचे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड नसेल, तर आधी ते काढा. अर्ज संगणकावर होतो, तपासणी नगरच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठरलेल्या ठिकाणी होते. त्याशिवाय कोणतीच योजना पुढे सरकत नाही.

शेतीत किंवा इतरत्र अपघात होऊन डोळा, हात वा पाय गेला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गेल्यास १ लाख आणि दोन गेल्यास २ लाख रुपये मिळतात. २०२३पासून हे पैसे विमा कंपनीमार्फत न येता शासनाकडून येतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील आणखी एक जण, वय १० ते ७५, यांना ही योजना आहे. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दुःखात हे दिवस हातोहात निघून जातात. म्हणून शेजाऱ्यांनी, भावकीने कागद गोळा करण्यास मदत करावी. ही रक्कम रोख असते, तिला छापाची अट नसते. काहींनी तीतूनच आपल्या सोयीचे वाहन केले आहे.

स्कूटरला बाजूची चाके लावली की ती कायद्याने बदललेले वाहन ठरते. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला जो ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्द होता, तो २०१९च्या दुरुस्तीने गेला आणि ‘अनुकूलित वाहन’ अशा अर्थाचा शब्द आला. नाव सुधारले, पण नोंद करून घेण्याचे काम तुमचेच. बदल नगरच्या आरटीओत नोंदवून घ्या, परवानाही त्याच प्रकारचा काढा. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्यावरून कटकट होते.

वाहन पाहायला जाताना एकटे जाऊ नका, आणि शोरूमच्या फरशीवर पाहून हो म्हणू नका. ते आपल्या घरापासून शेतापर्यंत एकदा चालवून पाहण्याचा आग्रह धरा. निदान कच्च्या रस्त्यावर तरी. चढण-उतरण दुसऱ्याच्या मदतीविना जमते का, हात ब्रेकपर्यंत पोचतो का, कुबडी ठेवायला जागा आहे का, हे पाहा. टायर आणि बॅटरी श्रीगोंद्यात किंवा काष्टीत मिळते, की पुण्याला जावे लागते, हेही विचारा. घरातील बाईमाणसासाठी वाहन असेल तर बोलणे तिच्याशीच होऊ द्या. नवरा, दीर, भाऊ बोलतात आणि ती गप्प बसते. मग साडी चाकात अडकते हे पहिल्या दिवशीच कळते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. खर्चाचा ठराव होण्यापूर्वीच आपली मागणी लेखी द्या. कोणते वाहन हवे, का हवे, वाट कशी आहे, किंमत किती, वरची रक्कम आपण घालणार असल्यास किती, हे एका पानात लिहा. दरपत्रक जोडा. ग्रामसेवकांकडून, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अर्जाची पोच घ्या. आणि सभेत मागणी वाचून दाखवली गेली की ती इतिवृत्तात लिहिली गेली का, हे त्याच दिवशी उठण्यापूर्वी पाहा. तोंडी सांगितलेले हशात विरून जाते. लेखी मागणी नाकारायची तर तिचे कारण लिहावे लागते.